खडूच्या रेघेवर

चाळीस वर्षांत आपण एकदाही कापड चुकीचं कापलं नाही, हे टेलरमास्तर भेटेल त्याला सांगत. ऐकून ऐकून त्यांच्या बायकोचे कान किटले होते. पण त्या बढाईच्या जोरावरच जंगलाच्या कामात सगळ्यात धारदार चाकू त्यांच्या हाती आला होता.

वस्तीच्या टोकाला ते जंगल होतं, कित्येक पिढ्यांपूर्वीचं. मध्यंतरी कुणा दीडशहाण्याने त्यात झपाट्याने वाढणारी परकी झाडं लावली आणि मग सगळेच तिकडे फिरकायचे थांबले. या पाहुण्या झाडांनी घरच्या झाडांना उन्हालाही महाग केलं. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी आता दर रविवारी वीस-पंचवीस माणसं जमवून हे निस्तरायला घेतलं होतं. परकं झाड तोडलं तर पडताना शेजारच्या म्हाताऱ्या झाडांना घेऊन पडतं, म्हणून तोडायचं नाही; बुंध्याभोवती वीतभर रुंदीची साल गोल सोलून काढायची. पानांनी केलेलं अन्न मग मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या, वर्षा-दोन वर्षांत वाळतं. मास्तर ही साल इतकी सरळ काढत, की बाकीचे काम थांबवून बघत राहत.

त्या रविवारी मास्तरांना पोहोचायला अर्धा तास उशीर झाला. बाईंच्या सूचना देऊन झाल्या होत्या, माणसं पांगली होती. पानगळ होऊन गेलेली, सगळी झाडं सारखीच उघडीबोडकी. ओढ्याकाठच्या एका बुंध्यावर त्यांना पांढऱ्या खडूची गोल रेघ दिसली. खडूची रेघ दिसली की कापायचं, हे त्यांच्या हातांना डोक्याच्या आधी कळत असे. कुणाला काही विचारायची गरजच वाटली नाही. वीस मिनिटांत साल उतरली आणि तिच्याबरोबर खडूची खूणही गेली.

मग सगळे चहाला जमले. बाईंनी कप वाटता वाटता विचारलं, "खडू मारलेल्या झाडांना कुणी हात नाही ना लावला? ती राखायची आहेत. ओढ्याकाठचं तर जिवापाड जपा. त्या जातीचं बी देणारं ते एकच उरलंय."

सगळ्यांनी माना हलवल्या. मास्तरांनीही हलवली.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती कशी, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी कप तसाच खाली ठेवला. आत्ता सांगावं, असं मनात येईपर्यंत माणसं उठलीसुद्धा. सोमवारी त्यांनी ठरवलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी ठरवलं, उद्या सकाळी. मंगळवारी दुकानासमोरून बाई छत्री घेऊन जाताना दिसल्या, तर मास्तर मशीनखाली सुई शोधायला वाकले आणि बाई दिसेनाशा होईपर्यंत वाकलेलेच राहिले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. बुधवारी पोस्टमन, तोही रविवारच्या मंडळींतलाच, नुसता कागद द्यायला आला तरी मास्तर दचकून उभे राहिले. त्या झाडाचा सोललेला, ओला, पिवळट बुंधा डोळ्यांपुढून हलत नव्हता. लोक काय म्हणतील याची भीती होतीच. पण झाड तिथे एकटं वाळतंय आणि ते फक्त आपल्याला माहीत आहे, हे त्याहून वाईट होतं.

गुरुवारी सकाळी त्यांनी एका कोटाची डावी बाही दोनदा शिवली. बायको काजं करत बसली होती. तिने कोट हातातून काढून घेतला आणि काय झालंय ते विचारलं. मास्तरांनी सगळं सांगितलं. वाटलं, ती हसेल. ती हसली नाही.

"अहो, कापड बिघडलं तर गिऱ्हाइकाला त्याच दिवशी सांगायचं, हे मला कोणी शिकवलं?" ती म्हणाली. "जा आता. दुकान मी बघते."

बाई स्वयंपाकघरात होत्या. ओट्यावर, खिडकीत, फ्रिजवरसुद्धा रिकाम्या डब्यांतून बोटभर रोपं उभी होती. मास्तर उभ्यानेच बोलले. बाईंनी चष्मा काढला.

"कधी?"

"रविवारी."

"आज गुरुवार आहे, मास्तर."

बस, एवढंच. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईंनी पोस्टमनला फोन करून शिडी मागवली, मेण आणि बारीक खिळे पिशवीत भरले आणि वाटेत भरभर समजावलं. त्याच झाडाच्या कोवळ्या फांद्यांच्या काड्या घ्यायच्या, दोन्ही टोकं तिरकी तासायची, एक टोक जखमेच्या वरच्या सालीखाली आणि एक खालच्या सालीखाली खोचायचं, खिळ्याने पक्कं करून वरून मेण लावायचं. मधल्या काडीतून अन्न खाली उतरतं. साल अजून ओली असली तर.

झाडापाशी पोहोचले तेव्हा जखमेचे काठ सुकले होते. ओली साल लागेपर्यंत आणखी बोटभर तासावं लागणार होतं. बाईंनी आपला हात पुढे करून दाखवला. तो थरथरत होता.

"माझ्याच्याने नाही व्हायचं. तुम्हालाच करावं लागेल."

मास्तरांना आता स्वतःच्या हातांचीच भीती वाटत होती. प्रत्येक काडी त्यांनी तीनदा मापली. नऊ काड्या बसवायला संध्याकाळ झाली. रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पोस्टमन म्हणाला, "मास्तर, माझी पँट तुमच्याकडे शिवायला आहे ना?" मग सगळे हसले. मास्तरांचे मात्र डोळे भरून आले.

पण जीव टांगणीलाच होता. बाईंनी आधीच बजावलं होतं, की वर पालवी फुटली म्हणून हुरळून जाऊ नका. झाड पहिल्या वर्षी साठवणीवर फुटतं. काडी जाड होते का, ते बघा. मास्तर रोज दुकान उघडण्याआधी टेप घेऊन जात आणि काड्या मापत. पाच काड्या महिन्याभरात काळ्या पडल्या. पालवी फुटली, सगळे खूश झाले, मास्तर नाही झाले. आणखी तीन वाळल्या. एकच उरली, ओढ्याच्या बाजूची.

एका सकाळी टेप त्या काडीला नेहमीच्या आकड्यावर मिळेना. त्यांनी पुन्हा मापलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मापलं. मग टेप गळ्यात तसाच ठेवून ते निघाले, दुकानावरून पुढे गेले, आणि बाईंच्या दारात धापा टाकत उभे राहिले.

"जाड झाली. एक काडी. टेपच्या दोन रेघांनी."

बाईंच्या हातात पाण्याचं भांडं होतं. "कधी बघितलीत?"

"आत्ता," मास्तर म्हणाले. "सरळ तिथून आलोय."