बाळकुमच्या तिसऱ्या मजल्यावरची बेल

मित्रांनो, मी दारावरची एक जुनी बेल आहे. उल्हासनगरच्या एका छोट्या कारखान्यात माझ्या गळ्यात पाखराची किलबिल बसवली आणि मी बाळकुमला प्रमोदिनीकाकूंच्या दारी आले. माझ्या उमेदीच्या काळात सोसायटीतली मुलं उगीचच मला दाबून पळत. पुढे नव्या गाणाऱ्या बेला आल्या, माझं बटण पिवळं पडलं, पण आवाज अजून खणखणीत आहे.

काकूंची सून क्षिप्रा माजिवड्याला नोकरी करायची. बारा वर्षांची पक्की नोकरी तिने यंदा सोडली आणि मुलांच्या गोष्टी वाचून रेकॉर्ड करायचं स्वतःचं काम धरलं. आतल्या खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगून तिने स्टुडिओ थाटला. काकूंनी तर कौतुकाने साऱ्या मजल्यावर सांगून टाकलं, "आमची क्षिप्रा आता घरीच असते हो. चाव्या, पार्सलं खुशाल तिच्याकडे ठेवा."

लोकांना काय, आयतंच मिळालं. कुरिअरवाला, इस्त्रीवाला, शेजारची हेमांगी. दिवसभर माझी किलबिल चालू.

अशात एके दिवशी एका प्रकाशकाने पाच वाजेपर्यंत नमुना मागितला. पसंत पडला तर वर्षभराचं काम, नाहीतर मुकाट पुन्हा नोकरी, असं क्षिप्राने ठरवलं होतं. गोष्टीतलं हत्तीचं पिल्लू आईला शोधायला निघालं, की नेमकी मी वाजायची. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा हेमांगीचं पार्सल हातात घेऊन क्षिप्रा मटकन खाली बसली.

"आई, मी ऑफिसात असते तर तिथे कुणी चावी द्यायला आलं असतं का हो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंनी मेथीची जुडी उचलली, बाहेर स्टूल टाकलं आणि दार ओढून घेऊन निवडत बसल्या. थोड्या वेळाने दुसरा कुरिअरवाला आला. त्याचं बोट माझ्याकडे वळताच काकूंनी त्याचा हात धरला.

"हळू रे. सूनबाई कामावर गेलीय."

"कधी येणार मॅडम?"

"पाचला. तोवर काय असेल ते माझ्याकडे दे."

नमुना वेळेत गेला आणि पसंतही पडला. मित्रांनो, वाजणं हा माझा धर्म, पण बटणावर बोट ठेवण्याआधी क्षणभर थांबत जा. बंद दाराआड कुणी कामावर गेलेलं असतं. काकू बाहेर बसल्यावर त्या दुपारी मी पुन्हा एकदाही वाजले नाही, आणि क्षिप्राची गोष्ट पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकली.