चाळीस सेकंदांचा हनुमंत

राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या थोडं अलीकडे आमची वाडी आहे. घरं बेचाळीस, जीप एक. जीप हनुमंताची. गड तसा साऱ्या मावळाचा, त्यामुळे खास आमचा म्हणून मिरवावा असा ऐवज वाडीत एकच होता, तो म्हणजे हनुमंताची झोप. हा माणूस कुठंही, कधीही आणि कशालाही टेकून झोपायचा. एका लग्नात तो हातात अक्षता घेऊन उभ्याउभ्या झोपला, आणि तरीही अक्षता वेळेवर टाकल्या. हे पाहिलेले पाच जण आजही हयात आहेत. आम्ही पाहुण्यांना गड दाखवायचो, आणि ज्यांना चढ झेपणार नसेल त्यांना झोपलेला हनुमंत दाखवायचो.

उठवायलाही तो सोपा होता. एक हाक मारली की उठायचा, चावी घ्यायचा आणि निघायचा. कुरकुर नाही, आठ्या नाहीत. त्यामुळे त्याला उठवताना कुणाला कधी काही वाटलं नाही. याला पुन्हा झोपायला वेळ कुठं लागतो, असं सगळ्यांचं मत होतं.

रोज सकाळी साडेसहाला तो वाडीतल्या नऊ मुलींना वेल्ह्याच्या शाळेत पोचवायचा. शाळा सातची आणि वाडीजवळून जाणारी पहिली एसटी साडेनऊची, त्यामुळे जीप नाही तर शाळा नाही, इतकं ते सरळ होतं. जीपमध्ये पुढच्या सीटवर त्याची बायको अश्विनी बसायची. दिवाळीपासून ती रोज बरोबर जात होती. मांडीवर फुटाण्यांची पुडी, आणि वाटेने एकेक फुटाणा नवऱ्याच्या तोंडात. लग्नाला अकरा वर्षं झालेल्या जोडप्याने असं वागणं वाडीला नवीन होतं. घरधन्याशिवाय अर्धा तास बी करमत न्हाई व्हय, अशी चौकशी बायका पाण्याच्या टाकीपाशी करायच्या. अश्विनी हसायची आणि हंडा उचलून चालू लागायची.

फेब्रुवारीत डॉक्टर शेफाली गड बघायला आल्या. हनुमंताने त्यांना नसरापूरहून आणलं. पायथ्याला उतरून त्यांनी बुटाची नाडी बांधली आणि वर बघितलं, तर चालक बॉनेटला टेकून झोपलेला. बाई गडावर गेल्याच नाहीत. थेट सरपंचांचं घर विचारत आल्या. त्या पुण्याला झोपेच्या डॉक्टर होत्या. अशी डॉक्टरकी असते आणि तिला वेगळी पदवी लागते हे ऐकून आमचे सरपंच बंडू यांनी आधी त्यांना पाणी दिलं.

माणसाला झोप लागायला किती वेळ लागतो, ते त्या गावोगाव जाऊन मोजत होत्या. आमच्या वाडीतही मोजायची परवानगी हवी होती. सरपंचांनी परवानगी देऊन टाकली असती आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण बोलता बोलता बाई म्हणून गेल्या, की गेल्या महिन्यात भोंगवलीत मोजणी झाली आणि तिथला गेनू नावाचा एक गडी तीन मिनिटांत झोपला.

झालं. भोंगवलीचं नाव निघाल्यावर मोजणीला वेगळं रूप आलं. पुढच्या रविवारी दुपारी दोनला मोजणी ठरली. रोजच्यासारखंच राहा, असं बाईंनी बजावलं होतं. त्याप्रमाणे वाडीतली सगळी माणसं पहाटेपासून रानात राबली, दुपारी पिठलं-भाकरीवर गंजभर ताक प्याली आणि जांभया आवरत समाजमंदिरात येऊन बसली. सरपंचांनी नारळ, टॉवेल-टोपी, फेटा आणि गुलाल आधीच आणून ठेवला होता.

मोजायची रीत साधी होती. यंत्रं असतात, पण त्यांच्या तारा बघूनच माणसं जागी होतात, म्हणून बाई जुन्या पद्धतीने मोजायच्या. बाजेवर आडवं व्हायचं, एक हात बाहेर लोंबता सोडायचा, हातात चमचा, खाली ताट. झोप लागली की बोटं सैल पडतात आणि चमचा ताटात वाजतो. हनुमंताची आई धोंडाबाई यांनी तो चमचा हातात घेऊन बघितला आणि परत दिला. एवढ्याशानं कुणाला ऐकू जायचं, असं म्हणून त्यांनी घरून आमटीची पळी आणि पितळी परात आणली.

पहिला मान सरपंचांचा. ते एकोणीस मिनिटं पडून राहिले. वाडीची मान खाली गेली. पळी वाजल्यावर सरपंच उठले आणि म्हणाले की पदाची जबाबदारी असल्यावर एवढं चालायचंच. धोंडाबाईंनी बारा मिनिटं घेतली. पाच-सहा जण आठ आणि चौदाच्या मध्ये कुठंतरी पडले. भोंगवलीचा गेनू अजून पुढंच होता.

मग हनुमंत आला. बाजेवर पाठ टेकवली, डोळे मिटले. बाईंनी मोबाईलवरचं घड्याळ चालू केलं आणि वहीत त्याचं नाव लिहायला घेतलं. नावावरचा अनुस्वार द्यायचा राहिला होता तेवढ्यात परात वाजली.

चाळीस सेकंद.

पुढचं सगळं फार झटपट झालं. हनुमंताला उठवून फेटा बांधला, नारळ दिला, गुलाल उधळला. भोंगवलीला फोन करून कळवण्यात आलं. सरपंचांनी भाषण सुरू केलं, त्यात वाडीचं नाव तालुक्यात पुढं आणल्याबद्दल आणि मुलींच्या शाळेची सोय केल्याबद्दल आभार होते. सत्कार संपत आला तेव्हा लक्षात आलं, की बाई टाळ्या वाजवत नाहीत.

त्यांनी हनुमंताला विचारलं, "मुलींना शाळेत कोण सोडतं?"

"मीच की," हनुमंत फेटा सावरत म्हणाला. "रोज."

बाई मग शांतपणे बोलल्या. हा विक्रम नव्हे, म्हणाल्या. धडधाकट, झोप झालेल्या माणसाला दिवसा झोप लागायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पाचाच्या आत झोपणारा माणूस उपाशी माणसासारखा असतो, समोर ताट आलं की तुटून पडतो. चाळीस सेकंदांत झोपणारा माणूस गाडी चालवताना केव्हा झोपेल ते त्याचं त्यालाही कळणार नाही. भोंगवलीच्या गेनूलाही त्यांनी हेच सांगितलं होतं, पण तोवर तिथंही हार घालून झाला होता.

मागे, दाराजवळ अश्विनी उभी होती. ती म्हणाली, "म्हणून तर मी फुटाणे घेऊन बसते."

टाकीपाशी चौकशी करणाऱ्या बायका तिथंच होत्या. त्यांनी आपापले पदर नीट केले. धोंडाबाई सुनेकडे बघत राहिल्या. दिवाळीच्या आधी एकदा विंझरच्या वळणावर त्याचा डोळा लागला होता, असं अश्विनीने सांगितलं. मुली मागे गाणी म्हणत होत्या, त्यांना काही समजलं नाही. ही भाजीला म्हणून बरोबर गेलेली, हिनेच स्टेअरिंग ओढलं. त्या दिवसापासून ती चघळायला देते आणि बोलत राहते. कुणाला सांगितलं असतं तर जीप बंद झाली असती, आणि जीप बंद झाली असती तर मुली घरी बसल्या असत्या.

हनुमंताने फेटा काढून बाजेवर ठेवला आणि चावी बाईंच्या पुढ्यात ठेवली.

बाईंनी मुदत दिली. तीन आठवडे गाडी चालवायची नाही, त्यानंतर पुन्हा मोजणी. दहा मिनिटांच्या वर गेला तर चावी परत, नाही तर वाडीने मुलींची दुसरी सोय बघावी. दुसरी सोय कुठली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोन मुलींच्या घरी त्या संध्याकाळीच लग्नाचा विषय निघाला.

तेवढ्यापुरती जीप सरपंचांकडे आली. वाडीतला सर्वांत जागा माणूस म्हणून आता त्यांच्या एकोणीस मिनिटांना भाव होता, आणि तो त्यांनी नम्रपणे स्वीकारला. ते जीप वीसच्या वेगाने चालवायचे आणि प्रत्येक म्हशीला वाट द्यायचे. मुली रोज दुसऱ्या तासाला पोचत. शिवानी नववीत होती आणि तिचा पहिला तास गणिताचा. तिने सरपंचांना तोंडावर सांगितलं, की काका, तुमी झोपलेले बरे.

बाई हनुमंताला पुण्याला घेऊन गेल्या, एक रात्र छातीला आणि डोक्याला तारा लावून झोपवला आणि परत पाठवताना चिठ्ठी दिली. आजार नाही. याला कुणी झोपूच देत नाही. सोबत एक कोरा कागद होता. आठवडाभर रात्री कोण केव्हा उठवतं ते त्यावर लिहायचं होतं.

अश्विनीने तो कागद दाराच्या आतून चिकटवला आणि आठ दिवसांनी समाजमंदिरात वाचून दाखवला. बारा दहाला वाजेघरहून फोन, सकाळी जीप येणार का. दीडला पुण्याहून गड चढणाऱ्या मंडळींचा फोन, सूर्योदय बघायचा आहे, रस्ता कुठला. पावणेतीनला दुसरी मंडळी, पहिली मंडळी कुठं आहे. साडेतीनला सरपंचांचा कोंबडा. चारला स्वतः सरपंच, कोंबडा का ओरडतोय ते विचारायला. साडेचारला देवळाचा भोंगा. मधल्या ओळींत वाडीतली बहुतेक घरं एकदा तरी येऊन गेली. जीप हनुमंताकडे नसतानाचा हा आठवडा होता. वाचन संपल्यावर कुणी पाणी मागितलं, कुणी छताकडे बघितलं.

एवढं आमच्या वाडीबद्दल सांगितलंच पाहिजे, की त्यानंतर कुणी वाद घातला नाही. बेचाळीस घरांत एकमत झाल्याची ती पहिली वेळ होती. भोंग्याचं तोंड डोंगराकडे फिरवलं. सरपंचांनी कोंबडा सारोळ्याला बहिणीकडे पाठवला. तिथं त्याचं नेमकं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, आणि बहिणीनेही सांगितलं नाही. हनुमंताचा मोबाईल धोंडाबाईंनी आपल्या उशाखाली घेतला. गड बघायला येणाऱ्या मंडळींना वाट सांगावी लागते, म्हणून तो बंद करायला त्या तयार नव्हत्या.

फोन आला की त्या एकच वाक्य बोलायच्या. "हनुमंत झोपलाय. तुमी बी झोपा, गड उद्या हितंच हाय." पुण्याच्या बऱ्याच लोकांना असं कुणी सांगितलेलं नसावं. कितीतरी मंडळी त्यानंतर उजाडल्यावर आली, आणि दोघं-तिघं तर आजींना बघायचंय म्हणून आली.

तीन आठवड्यांनी बाई आल्या. पुन्हा दुपारचे दोन, पुन्हा तीच बाज, तीच पळी, तीच परात. या खेपेला नारळ कुणी आणला नव्हता. नऊ मुली रांगेत पुढं बसल्या होत्या. आवाज झाला तर मोजणी रद्द, असं बाईंनी सांगितलं, तेव्हा सरपंचांनी चपलासुद्धा बाहेर काढायला लावल्या.

हनुमंत आडवा झाला. हात बाहेर, हातात पळी. चाळीस सेकंद झाले. पळी हातात होती. दोन मिनिटं झाली. पाच झाली. वाडीने आजवर कुणाच्या जागेपणासाठी एवढा जीव टांगला नव्हता. सातव्या मिनिटाला पळी थोडी कलली आणि नऊच्या नऊ मुलींनी श्वास रोखला. हनुमंताने बोटं जरा सावरली. अश्विनी दाराजवळच उभी होती, पदराची गाठ सोडत आणि बांधत.

दहावं मिनिट सरता सरता दाणकन आवाज झाला.

सगळ्यांच्या नजरा परातीकडे गेल्या. परात रिकामी होती. पळी हनुमंताच्या हातात होती. आवाज भिंतीकडून आला होता. तिथं धोंडाबाई बसल्याबसल्या गाढ झोपल्या होत्या, आणि त्यांच्या हातातला मोबाईल फरशीवर पडला होता.

डोळे न उघडता हनुमंत म्हणाला, "आये, फोन पडला."

बाईंनी घड्याळ सगळ्यांकडे फिरवलं. दहा मिनिटं, चौदा सेकंद. आवाज झाल्याने मोजणी रद्द का, असं सरपंचांनी कुजबुजत विचारलं. ज्याला आईचा फोन पडलेला कळतो तो जागा असतो, असं बाई म्हणाल्या, आणि चावी हनुमंताच्या उशाशी ठेवली. ओरडायचं सगळ्यांच्या मनात होतं. पण धोंडाबाई झोपल्या होत्या, म्हणून आख्ख्या वाडीने नुसते हात वर केले. असा बिनआवाजी जल्लोष तालुक्यात दुसऱ्या कुणाला जमेल असं वाटत नाही.

बाईंनी धोंडाबाईंचंही नाव वहीत लिहिलं. आधीची बारा मिनिटं खोडली. दहा-बारा दिवस रात्रीचे फोन धोंडाबाईंनीच घेतले होते. त्याच संध्याकाळी फोनच्या पाळ्या लागल्या, एका घराकडे एक रात्र. पहिली पाळी सरपंचांनी मागून घेतली. आता कुणाच्याही घरी फोन लागला तरी तेच वाक्य ऐकू येतं, धोंडाबाईंच्याच चालीत.

सोमवारी साडेसहाला जीप दारात उभी राहिली. मुली मागे चढल्या. पुढचं दार उघडं होतं. अश्विनी बाहेर आली, फुटाण्यांची पुडी तिने शिवानीच्या हातात दिली आणि तिला पुढच्या सीटवर बसवलं. काकांना द्यायचे का, असं शिवानीने विचारलं.

"न्हाई," अश्विनी म्हणाली. "तूच खा."

जीप वळणाआड होईपर्यंत ती उभी राहिली. मग जरा पाठ टेकावी म्हणून ओसरीवरच्या बाजेवर आडवी झाली. तिला झोप लागायला किती वेळ लागला ते मोजायला तिथं कुणी नव्हतं. टाकीकडे निघालेल्या बायकांनी तिला बघितलं आणि चपला हातात घेतल्या. हनुमंत मुलींना पोचवून परत आला, तेव्हा त्याने जीप टाकीपाशीच बंद केली आणि घरापर्यंत चालत आला.