शेवंतीखालचा श्वास

"सत्ये, फूल डोयानं पाय, पन तोड नाकानं!"

पातूरच्या मळ्यात आईने कधीकाळी दिलेली ही हाक सत्यवतीच्या कानात अजून ताजी होती. नाक मात्र करोनात गेले, ते परतलेच नाही. फुलवालीला वास येत नाही, हे कोणाला सांगायचे? तिने नवऱ्याला, वामनरावांनाही सांगितले नव्हते.

मूर्तिजापूरजवळच्या त्यांच्या वावराखालून गॅसची पाइपलाइन गेलेली. तिच्यावर मोठे झाड लावायची मनाई, म्हणून वामनरावांनी शेवंती केली होती. त्यातला घोंगडीएवढा तुकडा अचानक पिवळा पडून वाळला. मर रोग समजून त्यांनी झाडे उपटली, तिथेच ढीग घातला आणि खिशातून काडेपेटी काढली.

"कावं, सर्दीनं माह्यं नाक चोंदलं. तूच पाय, गॅसगिसचा वास येते काय?"

तिने वाकून हुंगल्यासारखे केले. "नाही."

"ओ काका! काडी नका पेटवू!"

बांधावर पाइपलाइन तपासणारी मोनाली उभी होती. तिच्या हातातल्या यंत्रातून निघालेला हिरवा ठिपका फुलाफुलांवरून चालत आला अन् उकरलेल्या मातीवर थांबला. यंत्र कर्कश वाजू लागले.

"खाली गॅस झिरपून राहिला. मांगं सरा!"

सत्यवती पाहतच राहिली. एवढ्या लांबून! ना वाकली, ना हुंगली. पोरीने उजेडाचे बोट पुढे केले आणि काळ्या मातीखालचा श्वास ओळखला. डोळ्याला न दिसणारे ते वारे तिच्या ओंजळीत आकडे होऊन नाचत होते. सत्यवतीचे हात नकळत जुळले. देवळातही ते कधी इतके मनापासून जुळले नव्हते.

वामनराव मात्र हसले. "तुहा डब्बा बिघडला, पोरी. आमच्या हिचं नाक अकोल्याच्या फूलबाजारात नावाजलेलं हाय. शिळं फूल डोये झाकून सांगते. ते नाही म्हनते, म्हंजे नाही!"

"काका, नाकाची परीक्षा नाही घेऊन राहिली मी! सरा मांगं!"

"थांब, आताच दाखोतो तुले." काडी पेटीच्या कडेला टेकली.

सत्यवतीने झडप घालून त्यांची मूठ दोन्ही हातांनी आवळली.

"काहून वं?"

"डब्बा खरा हाय, करिश्माचे बाबा." तिने मूठ सोडली नाही. "मीच खोटं बोलली. करोनापासून मले कशाचाच वास येत नाही. ना गॅसचा, ना फुलाचा."