जाईचा लॅपटॉप

"बाण कुठं गेला?" जाई स्वतःशीच पुटपुटली.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तो बारका पांढरा बाण तिच्या बापाला, गोटीरामला, दुकानात उभ्या जागेवरून दिसत होता. चांगला ठळक. जाईचं बोट मात्र लॅपटॉपवर गोलगोल फिरत होतं आणि ती मान वळवून पडदा तुकड्यातुकड्यानं धुंडाळत होती. किल्लीच्या भोकातून एखादी खोली बघावी तशी.

असं बघणं गोटीरामच्या ओळखीचं होतं.

त्याचा धाकटा भाऊ ज्ञानू असाच बघायचा. खाडीत होडी असताना ऊन कललं, की पायाशी पडलेलं वल्हं त्याला सापडायचं नाही. त्या दोघांचा बाप म्हणायचा, पिऊन आलाय. पस्तिशीत ज्ञानूला पूर्ण अंधार झाला. त्यानंतर मरेपर्यंत, वीस वर्षं, तो सारसोळ्यातल्या घराच्या ओट्यावर बसून होता. कुणीतरी ताट आणून ठेवायचं, कुणीतरी उचलायचं. त्याला कुणी काही विचारत नसे. हे घराण्यात पुढंही कुणाला होऊ शकतं, असं डॉक्टरनं तेव्हाच बजावलं होतं.

जाई चालायला लागली तेव्हापासून गोटीराम तिच्यावर चोरून नजर ठेवून होता. महापालिकेच्या पाण्याच्या पंपावर ड्युटी करतानाही त्याच्या मनात तेच असायचं. गेली दोन वर्षं ती दाराशी चपला चाचपायची. तो म्हणायचा, धांदरट आहे. अंधार पडायच्या आत क्लासहून घरी यायची. तो म्हणायचा, शहाणी आहे. त्यापुढं विचार करायची त्याची छाती होत नव्हती.

"काका, ताई कशाला ॲडमिशन घेतायत?" दुकानातल्या धनेशनं विचारलं.

"आयटी," जाई म्हणाली.

"मग हा बघा. स्क्रीन बघा ना, केवढी मोठी, फुल ब्राइट! बाजूचा मॅक आहे. आणि कोडिंगच करायचं असेल तर त्या तिकडच्यात लिनक्स टाकून देतो. आता काय घ्यायचं ते तुमी ठरवा."

गोटीरामला त्यातलं एकही नाव कळलं नाही. त्याला फक्त 'मोठी' आणि 'ब्राइट' हे शब्द कळले. बुडत्याला काडी मिळावी तसे त्यानं ते धरले.

"ह्योच घे गो. मोठा हाय. लख्ख दिसतं."

"स्क्रीन कसाही चालेल, बाबा."

धनेश हसला. "स्क्रीन कसाही चालेल म्हणणारं पहिलंच गिऱ्हाईक!"

जाई हसली नाही. धनेश दुसरा लॅपटॉप आणायला आत वळला, तशी ती हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, एक सांगायचंय. इथं ओरडू नको."

"काय?"

"मला बाजूचं दिसत नाय. समोरचं दिसतं, पण वाटोळं, थोडंसंच. संध्याकाळी तर कायच नाय. अकरावीला कॉलेजात डोळे तपासायचा कॅम्प होता. डॉक्टर म्हणाले, घरच्यांना घेऊन ये. मी चिठ्ठी फाडून टाकली."

"कनाला फाडली?" गोटीरामनं विचारलं.

"ज्ञानूकाकासारखं मलापण ओट्यावर बसवाल म्हणून."

दुकानात माणसं होती, कुठल्यातरी मशीनवर गाणं चालू होतं. गोटीरामला काहीच ऐकू येईना. त्यानं काउंटरची कड घट्ट पकडली.

जाईनं समोरचा विंडोजचा लॅपटॉप पुढं ओढला. तीन बटणं एकत्र दाबली. एकदम त्यातून एक बाई इंग्रजीत भराभरा बोलायला लागली. बाजूचं गिऱ्हाईक वळून बघू लागलं. मग जाईनं डोळे मिटले.

"डोले उघड," गोटीराम घाबरून म्हणाला. "जाई, डोले उघड."

"थांब ना, बाबा."

मिटल्या डोळ्यांनी तिची बोटं बटणांवरून चालली. ती बाई बोलायची, जाई ऐकायची, पुढचं बटण दाबायची. दोनदा चुकली. मागं आली. मग तिनं सावकाश टाइप केलं आणि यंत्रानं एकेक अक्षर म्हणून दाखवलं. जे. ए. आय. एवढं इंग्रजी गोटीरामला येत होतं.

तिनं डोळे उघडले. "कॉलेजात एक सीनियर आहे, स्नेहलताई. तिला अजिबात दिसत नाय. ती यातच सगळं करते. वाचून दाखवणारं अजून एक सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, मराठीपण बोलतं. मॅकही बोलतो, लिनक्सपण बोलतं. पण मी अडले तर शिकवायला स्नेहलताई आहे, आणि तिला विंडोज येतं. म्हणून हेच. दिसतंय तोवर बोटांना सवय करून घ्यायचीय." तिनं त्या बाईचा आवाज बंद केला. "मला लय भीती वाटते, बाबा."

"मना ठाव होता," गोटीराम म्हणाला.

"काय?"

"तुझ्या डोल्यांचा. ठाव होता. इचारायचा धीर झाला नाय." तो खाली बघत राहिला. "ज्ञानूला पन आमी कवा इचारला नाय."

जाई त्याच्याकडे बघत राहिली. रागानं की कशानं, ते त्याला कळेना, आणि मान वर करून बघवेना.

धनेश खोका घेऊन आला. दोघांचे चेहरे बघून जरा थबकला. "काका, मग कुठला फायनल?"

"तिला इचार," गोटीराम म्हणाला. "वापरनार ती हाय."

जाईनं बोट ठेवून सांगितलं.

बाहेर आले तेव्हा चारचं ऊन होतं. फूटपाथ कशासाठी तरी उकरून ठेवला होता, त्यातून माणसं वाट काढत चालली होती. गोटीराम एरवी दोन पावलं पुढं चालायचा. आज तो थांबला, पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवं कोपर बाहेर काढलं.

"धर."

"दुपारी दिसतं मला, बाबा. अजून दिसतं."

"ठाव हाय. तरी पन धर," तो म्हणाला. "मना भ्या वाटतं."

जाईनं त्याचं कोपर धरलं.