पिल्लाला आंघोळ किती वेळा

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी पिल्लानं हॉटेलच्या चादरींवर लघवी केली. धुऊन, इस्त्री करून, दोरीनं बांधलेला गठ्ठा खालच्या बाकावर तयार होता आणि हॉटेलचा माणूस येण्यातच होता. पिल्लू गठ्ठ्यावर चढलं, जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि सगळ्यांच्या देखत काम उरकलं.

बाबा हसत सुटले. एवढ्या दुकानात नेमकं पांढरंच बरं सापडलं ह्याला, म्हणाले. इस्त्रीवाले काका इस्त्री उभी करून म्हणाले, "मालक, ठेवून घ्या. धंदा वाढवणारा गडी आहे."

आमची लाँड्री. खाली दुकान, त्याच्या मागे धुलाईची यंत्रं आणि बॉयलर, वर आमचं घर. मी दुसऱ्या शहरात राहते, एका प्रकाशनाची मुद्रितं तपासते. त्या आठवड्यात रजा घेऊन आले होते. पिल्लू माझ्या थोडं आधी आलं होतं. दुकानाच्या मागच्या दाराशी ते बाबांना सापडलं. कुत्र्याचं पांढरं पिल्लू, पाठीवर चहा सांडल्यासारखा एक तपकिरी ठिपका. बाबांनी त्याचं नाव डाग ठेवलं. जन्मभर काढत आलो, आता एक ठेवून बघू, असं त्यांचं म्हणणं.

आई जिन्यावरून खाली आली, गठ्ठा बघितला, पिल्लाला मानगुटीला धरून उचललं आणि नळाकडे निघाली.

"अगं, चादर धू की. त्याला कशाला धुतेस?" बाबा म्हणाले. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना ते विचारून आले होते. एवढ्याशा पिल्लाला महिन्यातून एकदा आंघोळ पुरे, ती पण ऊन पाण्यानं. मधे घाण झालंच तर ओल्या फडक्यानं पुसायचं आणि कोरडं करायचं.

"महिन्यातून एकदा आंघोळ करणारा माझ्या घरात राहणार नाही," आई म्हणाली. "मग तो कुणीही असो."

"म्हणजे मीही जपून राहायला हवं."

आईला हसू आलं, ते तिनं दाबलं. बाबांनी पिल्लू तिच्याकडून काढून घेतलं, पोट पुसलं आणि मागच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. त्याच्याशी काहीतरी बोलत, घाई न करता. पिल्लानं झाडाशी उरलेलं काम केलं तेव्हा बाबांनी त्याची अशी काही वाहवा केली, की जणू ते बोर्डात आलं होतं. चादरी पुन्हा धुवायला गेल्या. मी वर जाऊन मुद्रितं घेऊन बसले. त्या दिवसात एवढंच घडलं.

आमच्या धंद्यात एक नियम असतो: डाग वाळायच्या आत गाठायचा. बाबा तो दुकानात पाळायचे. आई सगळीकडे पाळायची. लहानपणी मी गुडघा फोडून घेऊन आले की ती आधी फ्रॉकवरचं रक्त गार पाण्यानं काढायची, मग गुडघ्याकडे बघायची. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तिची माया त्याच क्रमानं यायची, आणि ती यायची हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी चष्म्याची काडी बसवून घ्यायला बाजारात गेले होते. आईचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाली.

बाबा वरच्या खोलीत जमिनीवर होते. त्यांच्याखाली स्वच्छ चादर होती. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. केस ओले होते आणि भांग नीट पाडलेला होता. खोलीत साबणाचा वास होता. न्हाणीघरात बालदीत त्यांचा पायजमा आणि आधीचा शर्ट भिजत पडला होता, पाणी वर फेसाळलेलं. रुग्णवाहिका माझ्यानंतर आली. आलेल्या माणसानं गुडघे टेकले आणि विचारलं, कधी पडले? आई म्हणाली, आत्ताच. त्यानं बाबांच्या ओल्या केसांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि कामाला लागला.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं की मेंदूत अशी रक्ताची गाठ अडकली की कधी थोड्याशा वेळानंही फरक पडतो, कधी कशानंच पडत नाही. ह्यांच्या बाबतीत काय झालं असतं ते सांगता येणार नाही. ते वाक्य मी माझ्यापाशीच ठेवलं. आईपर्यंत पोचवलं नाही.

त्यानंतर आई धुवत राहिली. पडदे, गाद्यांचे अभ्रे, न वापरलेले टॉवेल. बाबांचे सगळे कपडे तिनं एका दमात धुऊन, खळ घालून, कपाटात असे रचले की जणू गिऱ्हाईक न्यायला येणार आहे. मी रजा वाढवली होती; खाली मी आणि इस्त्रीवाले काका दुकान कसंबसं रेटत होतो. काका विनोद करायचे थांबले होते, ते मला सगळ्यात जड जायचं.

आणि पिल्लू. त्याला झाडाखाली घेऊन उभं राहणारं माणूस गेलं होतं. ते स्वयंपाकघरात करायचं, जिन्यात करायचं, गादीवर करायचं. प्रत्येक वेळी आई त्याला उचलायची, नळ सुरू व्हायचा, साबण लागायचा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पिल्लू सुरुवातीला ओरडायचं. मग ओरडेनासं झालं, नुसतं थरथरायचं. मी दाराशी टॉवेल घेऊन उभी असायचे. तेवढाच माझा वाटा.

मला काही सुचेनासं झालं की मी पुस्तकं आणते. वाचनालयातून कुत्र्यांवरची तीन आणली. एकात लिहिलं होतं महिन्यानं, दुसऱ्यात दीड महिन्यानं, तिसऱ्यात वास आला की. पण घरात घाण न करायला शिकवताना घाणीची शिक्षा म्हणून आंघोळ घालू नये, ह्यावर तिघांचं एकमत होतं. जेवताना मी ते आईला वाचून दाखवलं.

"पुस्तकातल्या कुत्र्यांना वास येत नसेल," ती म्हणाली आणि मला आमटी वाढली.

मग मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी शांतपणे समजावलं. पिल्लाला एवढंच कळतं, की माणसांसमोर लघवी केली की पाण्याखाली धरतात. म्हणून ते आता माणसांसमोर करणार नाही. बाहेर तुमच्यासोबत दाबून धरेल आणि घरात येऊन कपाटामागे करेल. धुवायचं असेल तर फरशी धुवा, चांगली वास जाईपर्यंत. पिल्लू पुसा. वारंवार पाण्यानं त्याच्या अंगावरचं तेल जातं, कातडी सुटते, थंडी आत शिरते.

त्या म्हणाल्या तसंच होत होतं. झाडाखाली मी त्याला घेऊन उभी राहायचे, तर ते माझ्या पायाशी अंग चोरून बसायचं. आत आलं की यंत्रामागे. आई म्हणायची, बघ, मुद्दाम करतं. मी पिल्लाचा शाम्पू लपवला, तर तिनं कपड्यांच्या साबणाची वडी घेतली. त्याच्या पोटावर लाल चट्टे उठले, पाठीवरच्या ठिपक्यापाशी केस विरळ झाले. आईनं ते बघितलं आणि स्वच्छता कमी पडते असं ठरवलं.

एकदा ती म्हणाली, पलीकडच्या गोदामाच्या रखवालदाराला देऊन टाकते, त्याला हवाय कुत्रा. मी म्हटलं, थोडे दिवस थांब. माझा आवाज इतका विचित्र आला की तिनं वळून बघितलं. जिन्यावर पावलं वाजली की ते पिल्लू अजून धावत दारापाशी जायचं, आणि कुणी दुसरंच आत आलं की परत फिरायचं. घरात बाबांची वाट बघणारं तेवढंच उरलं होतं. आम्ही दोघींनी तर तेही सोडलं होतं.

मी तिला नुसतं "आई, धुऊ नकोस" असं का म्हणत नव्हते? कितीदा तोंडाशी आलं. पण त्या वाक्याच्या पाठीला पाठ लावून दुसरं वाक्य उभं होतं. हे निघालं असतं तर ते थांबलं नसतं. ते ऐकून ती कशी उभी राहील, कुठे बघेल, पुढे एकटी ह्या घरात कशी राहील, हे मला दिसायचं. म्हणून मी पुस्तकं आणत होते, शाम्पू लपवत होते, फोन करत होते. साप सोडून भुई धोपटत होते.

मग एका सकाळी पिल्लू हाकेला आलं नाही. ते धुलाईच्या यंत्रामागे सापडलं. आदल्या संध्याकाळची आंघोळ अजून अंगावर दमट होती. त्याला उलटी झाली होती, जुलाब झाले होते, आणि ते त्यातच पडून होतं. मी उचललं तर मान माझ्या मनगटावरून खाली गेली. पोट गार होतं. ओठ वर करून बघितला, हिरड्या धुतलेल्या कापडासारख्या पांढऱ्या. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, कोरड्या टॉवेलात गुंडाळा आणि आत्ताच्या आत्ता आणा, बाकी काही करत बसू नका.

मी पिल्लाला वर नेऊन टॉवेलात गुंडाळलं, गादीवर ठेवलं आणि काकांना स्कूटर काढायला सांगायला खाली पळाले. परत आले तर गादीवर नुसता टॉवेल होता.

न्हाणीघरात नळ सुरू होता. आईनं पिल्लू डाव्या हातावर आडवं धरलं होतं आणि उजव्या हाताचं मनगट धारेखाली धरून पाणी फार गरम तर नाही ना, बघत होती.

"अशा अवस्थेत नेणार त्याला? चारचौघांत?" ती म्हणाली. ती रागावलेली नव्हती. इतका मऊ आवाज मी तिचा कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. "अंगावर सगळं वाळत चाललंय बघ. दोन मिनिटांचं काम."

"आई, दे त्याला."

"देते गं. एवढं झालं की देते."

खालून काकांनी हॉर्न वाजवला. पिल्लाचा एक पाय हलला आणि पुन्हा लोंबत राहिला. तिनं साबण हातात घेतला.

मी आत गेले आणि नळ बंद केला. तिचा हात तिथंच, हवेत राहिला.

"आई, बाबा पडले तेव्हा तू आधी त्यांना धुतलंस. कपडे बदललेस, भांग पाडलास, आणि मग फोन केलास. मला त्याच दिवशी कळलं होतं. आधी फोन केला असतास तर ते वाचले असते की नाही, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. तू मायेनंच केलंस, तेही मला माहीत आहे. पण ह्याला तसं नको करूस. घाण आहे तर असू दे. असाच दे माझ्याकडे."