अराफातच्या मैदानातलं इरलं

माझ्या अंगात एकही टाका नाही, मित्रांनो. सुई मला कधी लागलीच नाही. बांबूच्या कामट्या, पळसाची पानं आणि वेलीच्या गाठी, एवढ्यावर मी उभा आहे. हे आधी सांगतो, कारण याच गोष्टीवरून माझ्या धन्याची मोठी फजिती झाली आणि याच गोष्टीमुळे मला मक्केची वाट दिसली.

मी इरलं आहे, जुनं इरलं. पावसात शेतकरी डोक्यावरून पाठीवर घेतो, उलट्या होडीसारखं दिसतं, तेच. पोलादपूरच्या मोहल्ल्यातल्या एका घरात, ओटीवरच्या खुंटीला मी टांगलेला असतो. परवा मुंबईहून आलेल्या पाहुण्याने मला बोटाने टोचून विचारलं, "ही मोडकी टोपली इथं कशाला ठेवली?" टोपली म्हणाला मला! म्हणून आज बोलायला बसलो.

माझा जन्म उमरठचा. महिपती नावाचा शेतकरी पावसाच्या तोंडावर इरली विणायचा. माझा धनी याकूबचाचा त्याच्या अंगणात आला, तेव्हा महिपतीने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"चाचा, फेटा काढा आन् खाली बसा. टकुरं मोठं हाय का फेटा मोठा हाय, ते कळाया नको?"

"टकुरं मोठं हाय. आत काय नाय, म्हणून हलकं हाय," याकूबचाचा म्हणाला, आणि दोघे हसले.

महिपतीने कामट्या वाकवून सांगाडा केला. त्याची बायको मैना पानावर पान खोचत गेली. खोचता खोचता गुणगुणत होती:

पानावर पान माझं, पावसाला वाट नाय
इरल्याच्या घरामंदी, धनी माझा सुका हाय

ते दोन चरण माझ्या पानांत मुरले आहेत.

चार पावसाळे मी कापडे गावच्या शेतात काढले. याकूबचाचा चिखलात वाकून लावणी करायचा आणि त्याच्या पाठीवर माझं घर असायचं. शेजारच्या बांधावर त्याची बायको हवाबी. दिवसभर पाऊस माझ्यावर ताशा वाजवायचा आणि आत एक थेंब जायचा नाही. त्या दिवसांत माझ्यासारखा मानी कुणी नव्हता.

मग एका वर्षी कापणीच्या दिवसांत आश्विनातलं ऊन चाचाच्या डोक्याला लागलं. तो विळा हातात घेऊन उभ्याचा आडवा झाला. हवाबीने पाणी मारलं, शुद्ध आली, पण ते ऊन काही पुरतं उतरलं नाही. उघड्या डोक्याने पाव तास उन्हात उभं राहिलं, की त्याला घेरी यायची. तेव्हापासून तो फेट्यावर मला घालूनच बाहेर पडू लागला. महाडच्या बाजारात भर उन्हाळ्यात लोक एकमेकांना टाळ्या देऊन हसायचे.

"अरे चाचा, आभाळ कोरडं ठाक हाय! मासे धराया चाललाव का?"

"तुमच्यावर पाऊस पडंल तवा या माझ्याकडं जागा मागाया," चाचा म्हणायचा. चेष्टा त्याला लागत नसे. मला लागायची.

सन एकोणीसशे तीस साली दोघांनी हजला जायचं ठरवलं. मोहल्ल्यातले जाणते सांगत होते, की पुरुषाने एहराम बांधायचा. एक पांढरी चादर कमरेला, एक खांद्यावर. शिवलेलं काहीही अंगावर नको. ते ऐकून चाचाचा चेहरा उतरला. टोपी शिवलेली असते, फेट्याच्या काठालाही टाके असतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्यासमोर उभा राहिला आणि एकदम ओरडला, "हवाबी! इरल्याला शिवण कुठं हाय गो?"

"कुठं?"

"कुठंच नाय! हे घालून मी हज करनार."

"कुनाला इचारलाव का?"

"इचारायचं काय त्याच्यात? सुई कुठं गेलीय ते दाखव!"

सगळ्या मोहल्ल्याने मला चाचपून पाहिलं. टाका कुणालाच सापडला नाही. सगळ्यांनी मान डोलावली. नवी पानं खोचून मी नवरदेवासारखा सजलो. दासगावच्या बंदरातून मचव्याने बाणकोट, तिथून आगबोटीने मुंबई, आणि मुंबईहून हजच्या मोठ्या बोटीवर. सोबत महाडचे कासम खतीब होते, मशिदीत जुम्म्याचं प्रवचन, म्हणजे खुतबा, वाचणारे, शांत आणि थोडे खट्याळ.

बरेच दिवस पाणीच पाणी. मग एका दुपारी बोटीचा भोंगा वाजला. यलमलमच्या डोंगराची हद्द आली होती. तिथून पुढे एहरामशिवाय जायचं नसतं. पुरुषांनी अंघोळी केल्या, चादरी गुंडाळल्या, दोन रकात नमाज पढले आणि हजची नियत, म्हणजे मनाशी संकल्प, केली. हवाबीने आपलेच साधे कपडे ठेवले, केस नीट झाकले, तोंड मोकळं ठेवलं. बायकांचा एहराम तोच. सगळ्या बोटीतून एकच आवाज उठला, "लब्बैक, अल्लाहुम्मा लब्बैक!" हजर आहे, देवा, मी हजर आहे.

चाचाही ओरडला. लगेच त्याने मला उचलून थाटात डोक्यावर ठेवलं.

"याकूबभाई! आधी उतरवा ते!" खतीब धावत आले.

"का ओ? शिवण नाय याला. हात फिरवून बघा."

"शिवणीचा नियम वेगळा. पुरुषाने डोकं झाकायचं नाही, हा नियम वेगळा. मग टोपी असो, फेटा असो, नाहीतर तुमचं हे उलटं होडकं."

चाचाने मला असं खाली ठेवलं, जसं मी पेटलेलं लाकूड आहे. तो खतीबांकडे वळला. "माझी हज बुडाली?"

"नाही हो. नकळत झालं, लगेच उतरवलंत. आपल्या शाफई मजहबात, आपल्या पंथाच्या नियमांत, त्याला दंड नाही. पण पुन्हा नको. हजच्या शेवटी केस उतरवतात, तोपर्यंत डोकं उघडंच."

चाचा डेकवर बसला. "खतीबसाब, अराफातच्या मैदानात दुपारपासून सूर्य बुडंपर्यंत थांबतात ना? त्याच्याबिगर हज नाय, असं तुमीच सांगितलाव. मी पाव तासात पडतो."

"तंबूत बसा. त्या मैदानात क्षणभर हजर राहिलात तरी हज होते."

"पडून ऱ्हायलेल्या मानसानं दुवा काय मागायची? येवढ्या लांब आलो, तो शुद्धीवर उभा ऱ्हायाला आलो."

मी कोपऱ्यात पालथा पडलो होतो. मला वाटलं, माझं काम संपलं. पावसाच्या मुलखातून निघून बिनपावसाच्या मुलखात मी कशासाठी चाललो होतो?

तेवढ्यात हवाबी म्हणाली, "खतीबसाब, डोस्क्याला लागाया नको, येवढंच ना? मंग लागनार नाय. आभाळ बी डोस्क्यावरच असतं, त्याला कोन टोपी म्हनतं?"

खतीब हसायला लागले. "बरोबर बोललीस. सावली चालते. डोक्याला टेकता कामा नये."

हवाबीने हाताचा पंजा ताणला. "वीतभर वर धरते. दिसभर धरते."

जेद्दाहून उंटाच्या पाठीवरच्या जोडपाळण्यातून आम्ही मक्केला पोहोचलो. तवाफ, म्हणजे काब्याभोवतीची प्रदक्षिणा, मी पाहिला नाही. मला बिऱ्हाडात ठेवलं होतं. पण रात्री हवाबीने सांगितलं, ते असं. काबा डाव्या हाताला ठेवायचा, काळ्या दगडापासून सुरुवात, सात फेरे. पुरुष उजवा खांदा उघडा टाकतात आणि पहिले तीन फेरे झपझप चालतात. मग इब्राहिमच्या जागेमागे दोन रकात नमाज, आणि झमझमच्या विहिरीचं पाणी पोटभर. "पानी खारट नाय, गोड नाय," ती म्हणाली, "आपलं म्हनावं असं हाय."

सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधली ये-जा मात्र मी केली, हवाबीच्या डोक्यावर बसून. बाईला डोकं झाकायला मनाई नाही. तो तर चक्क बाजाराचा रस्ता होता, दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर सावलीचं छप्पर. सफापासून निघायचं, मरव्याला सातवी खेप संपवायची. हाजराबीबी तान्ह्या बाळासाठी पाणी शोधत इथेच धावली होती. मधल्या खुणांच्या टप्प्यात पुरुष धावतात. तिथे चाचाही धावला! हवाबी मागून ओरडली, "धनी, जरा हळू! पाय आपलेच हायती, उसने नाय!"

हजच्या महिन्याच्या आठव्या दिवशी मिनाला मुक्काम. नवव्या दिवशी अराफात.

मित्रांनो, आपल्याकडचं वैशाखातलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. तिथलं ऊन त्याचा थोरला भाऊ. सूर्य माथ्यावरून कलला, खतीबांनी जोहर आणि असर हे दुपारचे दोन्ही नमाज एकत्र पढवले. मग चाचा तंबूतून बाहेर आला, किब्ल्याकडे, म्हणजे काब्याच्या दिशेला, तोंड केलं, हात पसरले. हवाबीने मला दोन काठ्यांना घट्ट बांधलं होतं. ती मागे उभी राहिली आणि मी धन्याच्या डोक्यावर आलो. वीतभर वर.

पाव तास गेला. चाचा उभा. अर्धा तास गेला. चाचा उभा. त्याच्या ओठांतून नावं निघत होती. आईचं, बापाचं, मोहल्ल्यातल्या एकेकाचं. महिपती आणि मैनेचंही.

मग वारा सुटला. मी हलका, पानांचा. वारा मला खाली दाबू लागला. मी कामट्या ताठ केल्या. हवाबीचे दंड थरथरत होते, घाम कोपरावरून गळत होता. वीत अर्धी झाली. चार बोटं उरली. दोन बोटं.

"दमलीस गो? सोड आता, मी जातो आत," चाचा मागे न बघता म्हणाला.

"तुमी दुवा मागा. हात माझे हायती."

पण तिचे हात खाली येत होते, ते मला कळत होतं. तेवढ्यात एक उंच, काळाभोर परदेशी हाजी शेजारी आला. त्याची भाषा आम्हाला ठाऊक नाही, आमची त्याला नाही. त्याने एक काठी हातात घेतली आणि मला उचललं, असं उचललं, की मी एकदम हातभर वर गेलो! दुसरी काठी हवाबीने सोडली नाही. माझी सावली वाढली. त्या सावलीत जावा बेटाकडचे दोन म्हातारे हाजी सरकले. मग खतीबही घामाघूम होऊन आले.

"खतीबसाब, वाकून या," चाचा म्हणाला, "होडकं टोचंल."

"तुमच्या होडक्यात जागा आहे, हेच खूप," खतीब म्हणाले, आणि हात पसरून चाचाच्या शेजारी उभे राहिले.

सूर्य बुडाला, तेव्हा माझा धनी दोन्ही पायांवर उभा होता. शुद्धीवर होता. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. सगळं मैदान एका स्वरात बोलत होतं, आणि उमरठच्या अंगणात विणलेलं इरलं त्या मैदानावर झेंड्यासारखं उंच होतं. माझ्या जन्मात इतका मोठा पाऊस मी झेलला नाही, जितकं ते ऊन झेललं.

मुझदलिफाच्या मुक्कामी त्यांनी हरभऱ्याएवढे खडे वेचून माझ्या पोटात जमवले, दोघांचे मिळून अठ्ठ्याण्णव. दहाव्या दिवशी सकाळी मिनाला सैतानाच्या मोठ्या खांबावर दोघांनी सात-सात खडे मारले. मग कुर्बानी झाली. मग न्हाव्याने चाचाचं डोकं तासलं. हवाबीने आपल्या केसांची बोटाच्या पेराएवढी टोकं कापली. मक्केतला तवाफ बाकी होता, पुढच्या दोन दिवसांचे खडे बाकी होते, निघताना निरोपाचा तवाफही बाकी होता. पण डोक्याची बंदी उठली.

"हाजी याकूब, आता झाका डोकं," खतीब म्हणाले.

चाचाने मला उचललं. मी तयारच होतो. पण तो वळला आणि मला त्याने हवाबीच्या डोक्यावर ठेवलं. स्वतः फडकं गुंडाळलं.

"अवो, लोक बघतायत!"

"बघू देत. माझी हज तुझ्या दंडांनी उभी केली. आता तू सावलीत चाल, मी मागून येतो."

ती लाजली, आणि सगळ्या मिनामधून राणीसारखी चालत गेली. मी तिच्या डोक्यावर होतो.

मित्रांनो, माझी पानं आता झडली आहेत. हसायचं असेल तर हसा, चेष्टा सोसायची मला सवय आहे. पण पावसाळ्याआधी मला नवी चार पानं खोचा. आणि तुमच्या घरी ज्यांनी कुणी दुसऱ्यासाठी दिवसभर हात वर धरले असतील, त्यांना जाऊन विचारा, की दमलात का? त्यांच्या दंडांना थोडं तेल चोळा. मग त्यांना सावलीत पुढे चालू द्या, आणि तुम्ही मागून या.