दादाबरोबरची मॅच

फुटबॉल वर्ल्डकपच्या दिवसांत कारखान्यातले लोक त्याला बहिरोबा म्हणायचे. मॅच व्हायची तेव्हा हा लेथवर उभा असायचा, म्हणून सकाळीच कानांत कापसाचे बोळे कोंबायचा आणि बजावायचा, "कोणी स्कोअर सांगितलात तर याद राखा." मंडळी टवाळ, पण शब्दाला पक्की. फोरमनने रेडिओ कपाटात ठेवून दिला होता. जेवणाच्या सुट्टीत कोणाच्या तोंडून काही निसटतंय असं दिसलं की बाकीचे जोरजोरात खाकरायचे.

हा सगळा खटाटोप दादासाठी. घर सोडून याला सात वर्षं झाली होती. वर्ल्डकपची मॅच एकट्याने बघायची नाही, असं दोघा भावांचं ठरलं होतं. याची शिफ्ट संपली की फोन लावायचा, तिकडे दादाने टीव्हीवर आणि इकडे याने लॅपटॉपवर रेकॉर्डिंग काढायचं आणि "एक, दोन, तीन" म्हणून एकदम सुरू करायचं. तोवर कोणीच स्कोअर ऐकायचा नाही. मागचा वर्ल्डकप असाच पार पडला, यंदाचाही सेमीफायनलपर्यंत आला. घरी बायको-पोरीशी तो रोज बोलायचा, पण ते बोलणं "जेवलात का"वर सुरू होऊन "तब्येतीला जपा"वर संपायचं. मॅचचा तो दीड तास मात्र तो घरीच असायचा, दादाला खेटून, सतरंजीवर. तेवढाच घराचा तुकडा त्याच्याकडे उरला होता, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सेमीफायनलच्या संध्याकाळी खोलीवर आल्या आल्या, हातावरचं ऑइलही न धुता त्याने फोन लावला आणि स्पीकरवर टाकून लॅपटॉपला टेकवला. एक, दोन, तीन. मॅच सुरू झाली, तसा दादाही सुरू झाला.

"अरे पास दे, पास दे. झोपलेत का सगळे?"

दादाचं हे तोंड सुटलेलं ऐकलं की त्याचा दिवसभराचा शीण उतरायचा.

मग त्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. स्कोअर एक-एक. रेकॉर्डिंग दोन भागांत येत असे, आणि घाईत याने सेकंड हाफच लावला होता. स्वतःला शिवी हासडून तो "दादा, थांब" म्हणणार, तेवढ्यात निळ्यांच्या नऊ नंबरने लांबूनच बॉल जाळ्यात घातला. समालोचक किंचाळला.

"गोल! काय मारलाय रे," दादा ओरडला.

दादाकडे अजून फर्स्ट हाफचं चौथं-पाचवं मिनिट चालू असायला हवं होतं.

"दादा, कितवं मिनिट चालू आहे तुझ्याकडे?"

"तुझ्याकडे आहे तेच की."

"तुझ्या टीव्हीचा आवाज ऐकव जरा."

आवाज येणार कुठून? टीव्ही बंदच होता. याच्याच लॅपटॉपचं समालोचन फोनवरून ऐकून दादा ठोकून देत होता.

"अरे, आधीच बघितली आम्ही," दादा चाचरत म्हणाला. "घरात सगळ्यांना लाइव्हच बघायची असते. तुझा हिरमोड नको म्हणून..."

"आणि मागचा वर्ल्डकप?"

"तोही."

बायकोने फोन घेतला. "भाऊजींवर चिडू नका. मीच म्हटलं होतं त्यांना, तेवढं नाटक करा म्हणून. तुम्हाला एकटं वाटायला नको."

म्हणजे मॅच चालू असताना पोरगी फोनजवळ खिदळायची, ती मॅचला हसत नव्हती. त्याला भयंकर संताप आला. परक्यांनी याच्यासाठी दिवसभर जीभ आवरायची, आणि घरच्यांनी केसाने गळा कापायचा, तोही मायेने.

"अजून काय काय खोटं सांगता मला?" त्याने विचारलं.

तिकडे तिघंही होते. "काही नाही" असं एकानेही म्हटलं नाही.

मग दादा म्हणाला, "बघ ना मॅच. पुढे चांगली झालीय."